मागचा उजवा दरवाजा

साऊथफील्ड,
बुधवार, दुपार

प्रिय ओडेट,

हे पत्र सिस्टर पर्लीनच्या हातून येतंय. उद्या ती लेकाकडे टोरांटोला निघालीय आणि गेला आठवडाभर आमच्या रस्त्याला तिच्या बॅगेशिवाय दुसरा विषय नाही. भरते काय, उपसते काय, वजन करायला पोस्टात घेऊन जाते काय! तुझ्यासाठी फडक्यात बांधून बॅमी, आपल्या कसाव्याच्या भाकऱ्या, दिल्यात. तिनं विमानात उघडल्या नाहीत तर तुला मिळतील. पत्र मात्र बायबलच्या आत ठेव म्हणून बजावलंय, कारण बायबल ती प्रवासात उघडत नाही. तू म्हणशील, एरवी दिवसाआड फोन करून डोकं खाणाऱ्या आईला पत्र कुठून सुचलं? लिहायला बसलं की माणूस सरळ बोलतो, एवढंच सध्या समज. एझ्राला निजव, चहा घे, आणि शेवटपर्यंत वाच.

पुढच्या शनिवारी तुम्ही दोघं मोंटेगो बेच्या विमानतळावर उतरणार. सहा वर्षं झाली तुला डोळ्यांनी बघून. तुझा पपा गेला तेव्हा तुझे कागद अडकले होते. तू तिकडे स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून फोनवर रडत होतीस आणि मी इकडे माणसांनी भरलेल्या घरात फोन कानाला लावून नुसती ‘हो गं, हो गं’ करत होते. त्याबद्दल मी तुला कधी बोल लावला नाही, आताही लावत नाही. पण तेव्हापासून मनात एक होतं, की तू येशील त्या दिवशी तुला घ्यायला मी स्वतः जाईन, तुझ्या पपाच्या गाडीतून. त्यासाठीच तर साठी उलटल्यावर गाडी शिकले. अर्ध्या साऊथफील्डनं कुंपणापलीकडे उड्या मारून जीव वाचवला, तरी शिकले. आणि गाडी अशी हवी होती, की नातवाला तिच्यात बसवताना लाज वाटू नये.

गाडीचा अवतार तू बघितलेला नाहीस. होपटन काकानं पत्र्यावर चिकटवलेलं ते राखाडी व्हिनाइल, तो प्लास्टिकचा पापुद्रा, उन्हानं भाजून निघालंय. छताला भेगा, बॉनेटच्या कडा वर वळलेल्या, वाऱ्यावर फडफडणारे तुकडे. चर्चमधली पोरं म्हणायची, मिस आयोनीच्या गाडीला नायटा झालाय. मी त्यांना लिमलेटच्या गोळ्या द्यायचं बंद केलं, तरी म्हणायची.

ते व्हिनाइल का लावलं, हे तुला फोनवर तुटक तुटक कळलंय. नीट सांगते. पपा गेल्यावर नवव्या रात्रीची गाणी संपली, बकऱ्याचं सूप संपलं, तेव्हा रीतीप्रमाणे आम्ही खोली उलटीपालटी केली. पलंगाचं तोंड फिरवलं, गादी पालथी घातली, कपाट दुसऱ्या भिंतीला नेलं. गेलेल्याचा डपी, त्याचं भूत, निरोप घ्यायला येतो तेव्हा त्याला घर ओळखू येऊ नये, आपण चुकून दुसऱ्याच दारात आलो असं वाटून त्यानं पुढची वाट धरावी, म्हणून. त्यात दुष्टावा काही नाही. जिवंतपणी माणसाची कितीही माया असो, गेल्यावर तीच माया बाधते, आणि लहान लेकरांना आधी बाधते. हे सगळं उरकलं आणि होपटन दारात येऊन उभा राहिला. म्हणाला, ‘वहिनी, पलंग फिरवलास ते ठीक. पण गाडीचं काय? दादा पलंगावर कमी आणि गाडीत जास्त झोपला.’

खरंच होतं त्याचं. आणि गेलाही गाडीतच. ब्लॅक रिव्हरच्या स्टँडवर, भर सकाळी. टॅक्सी भरल्याशिवाय निघायचं नाही हा साऱ्या स्टँडचा रिवाज, पण तुझ्या पपाचा, वेंडलचा, तर तो धर्मच. पुढे मर्डेल पायाशी माशांची पाटी घेऊन बसलेली, मागे टलक शिंपी आणि त्याची बायको, नेहमीसारखे एकमेकांना टोचत. एक जागा रिकामी. वेंडल स्टिअरिंगवर हात ठेवून, टोपी डोळ्यांवर ओढून स्वस्थ. शीळ घालायचा म्हणून सगळे त्याला बर्डी म्हणायचे, आणि त्या दिवशी शीळ बंद होती हे कुणाच्या लक्षात आलं नाही. मर्डेल ओरडली, ‘बर्डी, काढ की रे गाडी, माझे मासे आता उठून चालत घरी जातील!’ टलक म्हणाला, ‘अगं, एका गिऱ्हाइकासाठी हा नाताळपर्यंत थांबेल.’ सगळे हसले. मग मर्डेलनं त्याला कोपरानं ढोसलं आणि टोपी खाली पडली. डॉक्टर मला म्हणाला, झटक्यात गेले, त्यांना कळलंसुद्धा नसेल. लोकांनी त्यात समाधान मानलं. मला त्या वाक्याची धास्ती बसली. त्याला जर कळलंच नसेल, तर तो अजून थांबलेलाच असणार ना?

म्हणून उजाडताच होपटननं दुकानातून राखाडी व्हिनाइलचा गुंडाळा आणला. लोकांच्या व्हॅनवर बेकरीची नि कोंबड्यांची चित्रं चिकटवण्यात त्याचा जन्म गेला. व्हिनाइल लावण्याआधी पत्रा साबणानं धुवायचा, स्पिरिटनं पुसायचा, बोटाचं तेलसुद्धा राहता कामा नये, हे तो दुकानातल्या माणसांना ओरडून ओरडून सांगतो. त्या दिवशी त्यानं गाडी धुतलीच नाही. भावाच्या दुःखात होता आणि घाबरलेला होता. जशी होती तशी, धुळीसकट झाकली. ब्रेडफ्रूटच्या पानासारखा तो हिरवा रंग, टेकडीवरून ओळखू यायचा तो, दुपारपर्यंत दिसेनासा झाला. टॅक्सीची लाल नंबरप्लेट जाऊन घरच्या गाडीची पांढरी आली. घरात शांतता झाली. चार वर्षं ती शांतता मला खायला उठायची, पण कुणाला सांगणार? रीत रीतीसारखी पाळली होती.

आता मी काय केलं ते. होपटनला फोन करून म्हटलं, ओडेट यायच्या आत हे जुनं काढून नवं लाव. तो म्हणाला, ‘वहिनी, मला जरा वेळ दे. एका दिवसात काढू आणि त्याच दिवशी लावू. उघडी ठेवायची नाही. मी येईपर्यंत हात लावू नकोस.’ तू आईला ओळखतेस. हात लावू नको म्हटलं की माझ्या हाताला खाज सुटते. दुसऱ्याच दिवशी मी गाडी अंगणात ब्रेडफ्रूटच्या झाडाशी लावली, व्हरांड्यातून वायर ओढली आणि तुझा जुना केस वाळवायचा ड्रायर घेऊन बसले.

मोठं किचकट काम आहे बाई. सकाळी व्हिनाइल ताठ असतं, तुकडे पडतात. भर उन्हात खालचा गोंद वितळून च्युइंगगमसारखा ताणला जातो. मधली वेळ साधायची. कोपरा कोमट करायचा, नखानं उचलायचा, आणि सरळ वर नाही ओढायचं, मागे दुमडून पत्र्यालगत हळूहळू न्यायचं. छत आणि बॉनेट म्हणजे शिक्षा. तिथलं व्हिनाइल बिस्किटासारखं झालेलं, खवल्यांसारखे कपचे उडायचे, केसांत, कॉफीत, ब्लाउजमध्ये, कुठे म्हणून नाही. केकवरचं आयसिंग सारखं करायची प्लास्टिकची पट्टी घेऊन खरवडलं आणि उरलेला गोंद रॉकेलच्या चिंधीनं पुसला. सिस्टर पर्लीन कुंपणावर हनुवटी टेकून बघत होती. म्हणते, ‘आयोनी, नवऱ्याला इतकं कधी घासलं नसशील!’ मी म्हटलं, ‘तो इतका मळायचा नाही, तुझ्यासारखी शेजारीण असूनसुद्धा.’ मग बॉनेट मोकळं झालं. ओडेट, काय सांगू तो हिरवा! चार वर्षांचं ऊन त्याला लागलंच नव्हतं. आदल्या दिवशी शोरूममधून आणल्यासारखा. मी रॉकेलचे हात तसेच तोंडावर घेऊन रडले, आनंदानं.

मग मागचं झाकण घेतलं. तिथलं व्हिनाइल मोठ्या तुकड्यानं सुटलं आणि खाली आपली तांबडी धूळ निघाली, इतकी वर्षं दाबून ठेवलेली. धुळीत एक तळहात उमटलेला. डिकी लावताना तो डाव्या हातानं दाबायचा, आठवतं? करंगळी वाकडी, मोटारसायकलवरून पडल्यापासून. तीच करंगळी. सोललेल्या तुकड्याच्या चिकट बाजूवरही तोच हात होता, उलटा. मी माझा हात त्यावर ठेवला. गोंद उन्हानं तापून अंगाइतका कोमट झाला होता. सोडवायला गेले तर पटकन सुटला नाही, जरा धरून ठेवल्यासारखं झालं. गोंदच तो, चिकटणारच, असं मी मोठ्यानं म्हटलं. पण ती धूळ मी पुसली नाही. सगळी गाडी धुतली, तेवढी जागा सोडून.

डाव्या बाजूच्या पुढच्या दरवाजाचं व्हिनाइल अख्खं निघालं, एका ओढीत, आतून कुणी ढकलावं तसं. मी खूश. दार उघडलं तर माशांचा वास. चार वर्षांत त्या गाडीत मी मासे नेले नव्हते. सीट सोड्यानं घासली, वास तसाच. सकाळी बघते तर गाडी त्या कोपऱ्याला खाली दबलेली. पंक्चर असेल म्हणून हवा तपासून आणली. टायर ठणठणीत होता, खालची स्प्रिंग दबली होती. मर्डेल गेल्या नाताळात गेली, तुला मी सांगितलं होतं. तेव्हा माझ्या डोक्यात दोन गोष्टींची गाठ पडली नाही, किंवा मी पडू दिली नाही.

त्याच बाजूचा मागचा दरवाजा सोलला आणि गाडी मागूनही खाली आली. टलक शिंपी वेंडलच्या पाठोपाठ वर्षाच्या आत गेला, आणि भांडायला कुणी उरलं नाही म्हणून त्याची बायकोही गेली, हेही तुला माहीत आहे. सिस्टर पर्लीननं आता कुंपणावरून हसणं बंद केलं होतं. एक वाटी तांदूळ घेऊन आली. डपीला तीनच्या पुढे मोजता येत नाही, दाणे मोजत बसेल, म्हणून गाडीभोवती फेकले. माझ्या कोंबड्यांनी ते टिपून टाकले. गाडीखाली पडलेले मात्र एकीनंही टिपले नाहीत. अजून तसेच आहेत तिथे, पांढरे.

तरी मी बाजाराला तीच गाडी काढली, मूर्खासारखी. मागे चार जुड्या कांद्याची पात आणि थाइम, एवढंच ओझं. पण चढावर गाडी कुंथायला लागली, माणसांनी भरलेली टॅक्सी कुंथते तशी. चौरस्त्यावर एका म्हाताऱ्यानं हात केला. ओळखीचा नव्हता, पण उन्हात उभा होता म्हणून मी थांबवली. तो वाकला. माझ्याकडे बघितलंच नाही. आत बघितलं, डावीकडून उजवीकडे, जागा शोधताना माणसं बघतात तसं. मग म्हणाला, ‘एकच राहिलीय, नाही? आणि तीही राखलेली दिसते. बरं, बर्डीला सांगा, मी मागून येतो.’ टोपीला हात लावून मागे सरला. मी पात न विकता तशीच घरी आले.

एखादी शहाणी बाई इथे थांबली असती. मी का थांबले नाही ते खरं सांगते. ड्रायव्हरचा दरवाजा अजून राखाडी होता. बाकीची तिघं आली होती आणि माझा माणूस अजून बाहेर होता. मला तो हवा होता, ओडेट. सभ्य विधवेनं असं म्हणू नये, पण मला तो हवा होता, अंगणात, हाकेच्या अंतरावर, कसाही.

सिनेमात दाखवतात तसं काही झालं नाही. शीळ नाही, सावली नाही. दरवाजा सोलला, गोंद पुसला, गाडीला कुलूप लावलं आणि जेवायला गेले. परत आले तर ड्रायव्हरची सीट सगळ्यात मागे सरकलेली आणि आरसा वर उचललेला. त्याचे पाय किती लांब होते! मी सीट पुढे ओढली, आरसा खाली केला, चावी एप्रनच्या खिशात टाकली. कपडे वाळत घालून आले, पुन्हा तेच. मग मी त्याची सीट त्याला ठेवू दिली. तेव्हापासून गाडी चालवलेली नाही. मला भीती वाटायला हवी होती, पण वाटलं भलतंच. दुपारी कॉफीचे दोन पेले घेऊन मी गाडीशेजारी स्टुलावर बसायला लागले. त्याला गावच्या बातम्या सांगितल्या, नव्या पास्टरच्या नावानं बोटं मोडली. तुझ्याबद्दल सांगितलं. एझ्राचा फोटो काचेला लावून दाखवला. चार वर्षांत मी इतकी बोलले नव्हते. पर्लीन म्हणते, माझ्या गालावर रंग आला होता.

आणि मग रविवारचा तुझा फोन. आपल्याकडे सिग्नल त्या झाडाखालीच मिळतो, तुला माहीत आहे, म्हणून मी गाडीला टेकून उभी होते. तू एझ्राला पुढे धरलंस. तो किरकिरत होता, दात येतायत म्हणालीस. एकदम गप्प झाला. हसला. माझ्याकडे बघून नाही, माझ्या खांद्यावरून मागे बघून. मग त्यानं हात पुढे केला, उचलून घ्या म्हणताना लेकरं करतात तसा. तू म्हणालीस, ‘अगं आई, कुणाला हसतोय हा? मागे कोण आहे?’ मी म्हटलं, कोंबड्या आहेत. तू हसून म्हणालीस, ‘त्याला सांग, आजोबांच्या गाडीतून जायचंय. मी माझ्याच जागेवर बसणार हं आई, पपाच्या मागे, याला मांडीवर घेऊन.’ तू हे बोलत असताना माझ्या पाठीमागे टक् असा आवाज झाला. चावी माझ्या खिशात होती. मागच्या उजव्या दरवाजाचं लॉक उघडलं होतं.

तो एकच दरवाजा आता राखाडी उरलाय. त्याला मी हात लावलेला नाही. तुझी शाळा होती तेव्हा वेंडल ती जागा शेवटपर्यंत कुणाला देत नसे. गिऱ्हाइकं शिव्या द्यायची, ऊन चढायचं, पण ‘माझं लेकरू यायचंय’ म्हणून तो ढिम्म बसायचा. तू धावत यायचीस, रिबीन सुटलेली, एक मोजा खाली, आणि तुझं दार लागलं रे लागलं की गाडी हलायची. तू कॅनडाला गेल्यावरही त्याची सवय सुटली नाही, ती जागा तो सगळ्यात शेवटी भरायचा. म्हणजे त्या सकाळी स्टँडवर तो कुणा गिऱ्हाइकासाठी थांबला नव्हता. रविवारी तुझा फोन ठेवल्यावर हे मला कळलं. इतका वेळ मी कॉफी पीत बसले होते आणि तो माझ्यासाठी आलेलाच नव्हता.

सोमवारी होपटनला बोलावून घेतलं. तो फाटकाच्या आत आला नाही. तिथूनच गाडीकडे बघत राहिला, टोपी काढून हातात घेतली. मी म्हटलं, आजच नवं व्हिनाइल लाव, काळं, पांढरं, काय असेल ते. रडवेला होऊन म्हणाला, ‘वहिनी, आता कशाला? गाडी ओळखली त्यानं. आत माणसं बसल्यावर दाराला पडदा लावून काय होणार? नि त्या पत्र्यावर आता काही चिकटणारही नाही.’ विकून टाकायचं माझ्याही मनात आलं. पण कुणाला विकू? त्या जागेवर उद्या दुसऱ्याचं लेकरू बसेल. आणि जाळायला गेले तर तो आत आहे, ओडेट. ते माझ्यानं व्हायचं नाही.

आता हे सगळं फोनवर न सांगता लिहून का पाठवलं, ते. काल तू विचारलंस तेव्हा मी म्हटलं, ‘मीच येते गं घ्यायला, पपाच्या गाडीतून.’ ते त्याला ऐकू जावं म्हणून म्हटलं, तो निश्चिंत राहावा म्हणून. लिहिलेलं तो वाचत नाही, आयुष्यभर पत्र आलं की माझ्या हातात द्यायचा. मी विमानतळावर येणार नाही. होपटन काका त्याची व्हॅन घेऊन येईल, त्याच्याशी माझं बोलणं झालंय. त्याच्याखेरीज कुणाच्याही गाडीत बसू नकोस, रंग कितीही ओळखीचा वाटला तरी. आधी वाटलं होतं, तुला येऊच नको म्हणून लिहावं. पण चार वर्षं थांबलेला माणूस आणखी चाळीस थांबेल, आणि तू कधीतरी येशीलच, तुझं घर आहे हे. म्हणून उद्या सकाळी पर्लीनला घेऊन जाणारी गाडी वळणाआड गेली की मी ड्रायर लावून तो शेवटचा दरवाजा सोलणार आहे. हे तुझ्या हाती पडेल तोवर ते झालेलं असेल, तेव्हा धावपळ करू नकोस. तुला वाचवायचंय की मला त्याच्याबरोबर जायचंय, हे मी स्वतःला खूपदा विचारलं. दोन्ही खरं आहे, आणि मला त्याची लाज वाटत नाही. चर्चचा निळा झगा घालीन, केस विंचरीन आणि तुझ्या जागेवर बसेन. तो मान वळवून विचारेल, ओडेट कुठे राहिली? मी सांगेन, तिला अजून पुष्कळ वेळ आहे रे, लेकरू लहान आहे तिचं. गाडी भरली, वेंडल. काढ आता.

तुझीच,
आई